डझनात साके किती?

हापूसला एक दुखणं आहे आणि ते बाहेरून दिसत नाही. साल केशरी झालेली, देठाशी वास दाटलेला, बोटाला हवा तेवढा मऊपणा. सुरी फिरवली की कोयीभोवतीचा गर मात्र पांढरट, भुसभुशीत आणि आंबट. बागायतदार त्याला साका म्हणतात. रत्नागिरीत कलमं असलेल्या प्रत्येक घराला हा शब्द माहीत आहे आणि एप्रिलमध्ये मुंबईत पेटी फोडणाऱ्या घरालाही. जमिनीकडून वर येणारी धग, फळ झाडावर जास्त दिवस राहणं, कोयीतल्या बीची फळात असतानाच सुरू झालेली अंकुरण्याची तयारी, अशी त्याची कारणं संशोधकांनी मांडली आहेत. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली, १९९२ साली रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ दिली. या जाती साक्यापासून मुक्त म्हणून ओळखल्या जातात. पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा असतो, त्यामुळे साक्याची गाठ सुटत नाही.

या प्रकरणात आपल्याला साका मोजायचा आहे. संभाव्यतेचा अभ्यास सुरू करायला याहून चांगला विषय कोकणात शोधून सापडणार नाही. आंबा कापला की उत्तरं दोनच, साका आहे किंवा नाही. डझन कापून साके मोजले तर आकडा शून्य, एक, दोन असा बारापर्यंत कुठला तरी पूर्ण आकडा येतो. आंब्याच्या वजनाचं तसं नाही, ते २५० ग्रॅम असेल, २५०.४ असेल किंवा त्यांच्या मधलं काहीही असेल. साक्यांच्या मोजणीसारख्या, सुट्या सुट्या किमती घेणाऱ्या आणि नशिबावर अवलंबून असलेल्या आकड्याला संख्याशास्त्रात खंडित यादृच्छिक चल म्हणतात. प्रत्येक किमतीसमोर ती येण्याची संभाव्यता लिहिली की जी यादी तयार होते, ते त्या चलाचं वितरण. यादीतल्या सगळ्या संभाव्यतांची बेरीज १ झालीच पाहिजे, कारण यादीतलं काहीतरी एक घडणारच आहे.

हिशेबासाठी धरून चालू की एका बागेत दहातला एक आंबा साक्याचा निघतो. मग डझनात किती साके निघतील? बहुतेकांचं पहिलं उत्तर ‘एक, फार तर दोन’ असं असतं. सरासरी म्हणून ते बरोबर आहे, बाराचा दहावा हिस्सा म्हणजे १.२. पण पेटी घेणाऱ्याला सरासरी मिळत नाही, त्याला एक विशिष्ट डझन मिळतो. त्याच्या डझनात काय निघू शकतं हे पाहायचं तर पूर्ण यादीच करावी लागते.

एकही साका न निघण्यासाठी पहिला आंबा चांगला हवा, दुसरा चांगला हवा, असं बाराव्यापर्यंत. प्रत्येक वेळी संभाव्यता ०.९, म्हणून ०.९ स्वतःशी बारा वेळा गुणायचा. उत्तर ०.२८२ येतं, म्हणजे शंभर डझनांतले २८ निर्मळ. नेमका एक साका असेल तर अकरा चांगले आणि एक वाईट, पण तो वाईट आंबा पहिला असेल, पाचवा असेल की बारावा, याच्या १२ शक्यता आहेत. म्हणून ०.१ गुणिले ०.९चा अकरावा घात, आणि त्याला बाराने गुणायचं. उत्तर ०.३७७. दोन साक्यांसाठी बारातून दोन जागा निवडायच्या, त्याच्या रीती १२ × ११ ÷ २ म्हणजे ६६. उत्तर ०.२३०. उरलेलं सगळं, म्हणजे तीन किंवा जास्त साके, ०.१११.

हे झालं द्विपद वितरण. याची पायाभरणी याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने केली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापला गेला. शेवटच्या आकड्याकडे नीट पाहा. नवातल्या एका गिऱ्हाइकाला डझनात तीन किंवा अधिक साके मिळतात. तो दुकानदाराला म्हणतो, ‘पाव डझन खराब दिलेत, तुमची बागच खराब.’ बाग इतर गिऱ्हाइकांना मिळाली तीच आहे. त्याच बागेतून, त्याच प्रमाणातून, कुणाचीही लबाडी नसताना काहींच्या वाट्याला तीन येतात आणि काहींच्या वाट्याला एकही येत नाही. हा फरक किती असणं स्वाभाविक आहे, हे यादी सांगते. सरासरी सांगत नाही.

परीक्षेत घोळ होतो तो कुठलं वितरण लावायचं हे ठरवताना. विद्यार्थी सूत्र पाठ करतात आणि प्रश्नातले आकडे त्यात बसवायला धावतात. सूत्र सगळ्यात शेवटी हाती घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. आधी कागदावर एक वाक्य मराठीत लिहावं: मी काय मोजतो आहे? ‘बारा आंब्यांतले साके’ मोजत असेन तर आंबे ठरलेले आहेत आणि साके अनिश्चित आहेत. ‘पहिला साका निघेपर्यंत कापलेले आंबे’ मोजत असेन तर उलटं, साका एकच हे ठरलेलं आहे आणि आंबे किती लागतील हे अनिश्चित. शब्द जवळपास तेच, फळ तेच, प्रमाण तेच, तरी वितरण वेगळं. या दुसऱ्या प्रश्नाला गुणोत्तरीय वितरण लागतं. चौथ्या आंब्याला पहिला साका येण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९ × ०.१, म्हणजे ०.०७३, आणि सरासरीने पहिला साका दहाव्या आंब्याला. या वितरणाचा एक गुण मनाला पटायला वेळ लागतो. नऊ आंबे चांगले निघाले म्हणून दहावा साक्याचा असण्याची शक्यता वाढत नाही. ती होती तेवढीच, ०.१ राहते. आंब्याला आधीच्या आंब्यांचा हिशेब ठाऊक नसतो.

‘किमान’ हा शब्द दिसला की उलट्या बाजूने जावं. किमान तीन साके म्हणजे तीन, चार, पाच ते बारा, दहा वेगळी गणितं. त्याऐवजी शून्य, एक आणि दोन काढून बेरीज एकातून वजा केली की झालं. ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा कमी’, ‘नेमके’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय लावून घेतली तर निम्मे गुण तिथेच वाचतात.

आता वाशीच्या बाजारात जाऊ. पाच डझनी पेटी आली आहे, ६० आंबे. त्यांत ६ साक्याचे आहेत, पण ते कुणाला माहीत नाही. घेणारा तीन आंबे उचलतो आणि कापून पाहतो. तिन्ही चांगले निघाले की पेटी पास. ही चाचणी कितपत विश्वासाची?

इथे एक बारीक फरक आहे. कापलेला आंबा पेटीत परत जात नाही. पहिला चांगला निघण्याची संभाव्यता ५४ भागिले ६०. तो बाजूला गेल्यावर ५९ उरले, त्यांत चांगले ५३. मग ५८ पैकी ५२. तिन्हींचा गुणाकार ०.७२५. प्रत्येक पायरीला प्रमाण थोडं सरकतं, म्हणून हे द्विपद नव्हे. याला हायपरजॉमेट्रिक वितरण म्हणतात. द्विपद धरलं असतं तर ०.७२९ आलं असतं, म्हणजे जवळजवळ तेच. पेटी मोठी आणि नमुना लहान असला की दोन्हींत फरक पडत नाही. पण बारा आंब्यांचा खोका असेल, त्यात ३ साक्याचे असतील आणि आपण तीन कापले, तर खरं उत्तर ०.३८२ आणि द्विपदाचं ०.४२२. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नमुना एकूण मालाच्या विसाव्या हिश्श्याहून कमी असेल तर द्विपद बिनधास्त वापरावं, नाहीतर प्रत्येक पायरीला आकडे कमी करत जावं.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अस्वस्थ करणारं आहे. दहा टक्के साका असलेली पेटी तीन आंब्यांच्या चाचणीतून शंभरातल्या ७२ वेळा निर्मळ म्हणून सुटते. मग किती कापावेत? साका असल्याचं नव्वद टक्के खात्रीने कळायला हवं असेल तर गणित सांगतं, १९. साठातले एकोणीस आंबे कापून पेटी विकायची कशी? ज्या तपासणीत माल नष्ट होतो, तिथे संख्याशास्त्राला अशी मर्यादा येते. म्हणूनच न कापता साका ओळखण्याचा शोध सुरू राहिला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या प्रतिमेत हापूसचा साका ओळखता येतो, असं १९९३ साली प्रसिद्ध केलं. नमुना किती घ्यावा, कुठून घ्यावा या प्रश्नाला भारतीय शेतीत शास्त्राची बैठक देणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे. पीककापणीच्या पाहण्यांवरचं त्यांचं काम आणि १९५४ साली आलेलं त्यांचं नमुना पाहणीवरचं पुस्तक जगभर अभ्यासलं गेलं.

इथवरच्या प्रत्येक हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली आणि पुढे गेलो. एका आंब्यात साका असण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि प्रत्येक आंब्याला संभाव्यता तीच, ०.१. पाठ्यपुस्तकातल्या गणितात हे एका शब्दात सांगून टाकतात: ‘स्वतंत्र’. बागेत मात्र तसं नसतं. कातळावरच्या उघड्या, तापणाऱ्या बागेत साका जास्त असू शकतो, आच्छादन घातलेल्या सावलीच्या बागेत कमी. एका पेटीतले आंबे बहुधा एकाच बागेचे, अनेकदा एकाच काढणीचे असतात. एक साक्याचा निघाला तर शेजारचाही निघण्याची शक्यता वाढते.

याने काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. समजा निम्मे डझन अशा बागेतले आहेत जिथे साका होतच नाही, आणि निम्मे अशा बागेतले जिथे प्रमाण पाचात एक आहे. एकूण सरासरी पुन्हा दहा टक्केच. पण आता निर्मळ डझन मिळण्याची संभाव्यता ०.५३४. पहिल्या निम्म्यातले सगळे, आणि दुसऱ्या निम्म्यातले सात टक्के. आधी ती ०.२८२ होती. तीन किंवा जास्त साके मिळण्याची संभाव्यता ०.२२१, आधीच्या जवळजवळ दुप्पट. सरासरीत काडीचा बदल नाही, तरी खूश गिऱ्हाइकंही वाढली आणि संतापलेलीही वाढली. कमी झाली ती मधली, एकदोन साके सोसून गप्प बसणारी.

म्हणून द्विपद वितरणाचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, उपयोग असा: ते ‘सगळं एकसारखं असतं तर काय दिसलं असतं’ हे दाखवतं. प्रत्यक्ष मोजणी त्याहून फार पसरलेली निघाली, शून्यं जास्त आणि मोठे आकडेही जास्त, तर समजावं की माल एकसारखा नाही. कुठल्या बागेतल्या पेट्या वेगळ्या पडतात हे शोधायला तिथून सुरुवात करावी. सूत्र न जुळणं हीच इथे माहिती असते.

आंबे सोडून आता दवाखान्यात जाऊ. जून लागला की रत्नागिरीत भातशेतीची घाई, माणसं दिवसभर चिखलात आणि बांधावर. घोणस, नाग, मण्यार आणि कोकणातल्या कातळावर हमखास भेटणारं फुरसं, चारही विषारी. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाचा साठा किती ठेवावा हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. समजा एका रुग्णालयात आठवड्याला सरासरी दोन सर्पदंशाचे रुग्ण येतात. किती रुग्णांपुरती तयारी हवी?

हा प्रश्न आधीच्या साच्यात बसत नाही. ‘इतक्यांपैकी किती’ असं इथे विचारता येत नाही, कारण ‘पैकी’ कुणापैकी? तालुक्यात हजारो माणसं, प्रत्येकाला साप चावण्याची शक्यता अगदी नगण्य. प्रयत्नांची संख्या प्रचंड आणि प्रत्येकाची संभाव्यता इवलीशी असली की द्विपद वितरण एका सोप्या रूपाकडे झुकतं. ते फ्रेंच गणितज्ञ सिमेऑन देनी प्वासाँ याने १८३७ सालच्या ग्रंथात मांडलं. तो ग्रंथ न्यायालयीन निर्णयांतल्या संभाव्यतेविषयी होता. प्वासाँ वितरणाला एकच आकडा लागतो, सरासरी.

रीत इतकी सोपी आहे की कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होते. २.७१८ या संख्येचा, सरासरीएवढा ऋण घात घ्यायचा. सरासरी २ असेल तर ०.१३५. ही शून्य रुग्ण येण्याची संभाव्यता. पुढची हवी असेल तर आधीच्या उत्तराला सरासरीने गुणायचं आणि जो आकडा काढतो आहोत त्याने भागायचं. एक रुग्ण: ०.१३५ × २ ÷ १ ≈ ०.२७१. दोन: त्याला २ ने गुणून २ ने भागा, पुन्हा ०.२७१. तीन: ०.१८०. चार: ०.०९०. पाच: ०.०३६. आता बेरजा करू. दोन रुग्णांपुरताच साठा ठेवला तर तो ६८ टक्के आठवड्यांतच पुरेल. दर तीनांतल्या एका आठवड्याला कुणाला तरी पुढच्या गावी धाडावं लागेल. सरासरीएवढी तयारी म्हणजे पुरेशी तयारी नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं दुसरं गणित मला माहीत नाही. चारांपुरता साठा ९५ टक्के आठवडे पुरतो, पाचांपुरता ९८ टक्क्यांहून अधिक.

हे वितरण प्रत्यक्षाशी जुळतं का, याची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा लाडिस्लाउस बोर्टकेविच यांनी १८९८ साली घेतली. प्रशियाच्या लष्करात घोड्याच्या लाथेने मरणाऱ्या सैनिकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सैन्याचे दहा कोअर म्हणजे मोठे विभाग, वीस वर्षं, मिळून २०० नोंदी आणि त्यांत १२२ मृत्यू, म्हणजे सरासरी ०.६१. एकही मृत्यू नाही अशा १०९ नोंदी होत्या, प्वासाँचं गणित १०८.७ सांगतं. एक मृत्यू ६५ नोंदींत, गणित सांगतं ६६.३. दोन मृत्यू २२, गणित २०.२. तीनच्या ३ आणि चारची १. चार मृत्यू झालेल्या त्या एका वर्षी कुणीतरी अधिकाऱ्याने जाब विचारला असेल. आकडे मात्र सांगतात की दोनशे नोंदींत अशी एखादी येणं अनपेक्षित नव्हतं.

सर्पदंशाकडे परत येऊ, कारण तिथे एक गोष्ट आपण अजून तपासलेली नाही. सरासरी दोन, पण कुठल्या महिन्याची? पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्याला चार आणि उरलेल्या आठ महिन्यांत एक असेल, तरी वर्षाची सरासरी दोनच येते. वर्षाच्या सरासरीवर विसंबून कुणी पाच रुग्णांपुरता साठा ठेवला आणि ९८ टक्क्यांचा आकडा पाहून निश्चिंत झाला. जुलैत सरासरी चार आहे. चार सरासरीच्या प्वासाँ वितरणात पाचांहून जास्त रुग्ण येण्याची संभाव्यता ०.२१५ येते. कागदावर साठ आठवड्यांतून एकदा कमी पडणारा साठा भर पावसाळ्यात दर पाच आठवड्यांतून एकदा कमी पडतो, आणि तोही नेमका ज्या दिवसांत ओढे भरलेले असतात, पुढच्या गावी नेणं सगळ्यात अवघड असतं. चूक प्वासाँची नाही. त्याची अट होती की सरासरी पूर्ण काळात एकसारखी असावी, आणि ती अट कुणी वाचली नाही. आंब्यांच्या दोन बागा आणि वर्षाचे दोन ऋतू यांची अडचण एकच आहे, दोन निराळ्या गोष्टी एका सरासरीत कोंबल्या गेल्या. उपायही एकच. वेगळं करा, प्रत्येकाचं वितरण स्वतंत्र काढा.

रत्नागिरी जिल्ह्यातला शेवटचा आणि सगळ्यात गंभीर हिशेब पुराचा. २६ जुलै २००५ला चिपळूण बुडालं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीने पुन्हा बाजारपेठ गिळली, घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. अशा पुराला लोक ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा’ म्हणतात. या शब्दांचा अर्थ मात्र फार चुकीचा लावला जातो. एकदा आला, आता शंभर वर्षं निर्धास्त, असं त्यातून निघत नाही. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तेवढ्या पाण्याची संभाव्यता ०.०१ आहे, गेल्या वर्षी आला असला तरी आणि नसला तरी. शंभर वर्षांत तो एकदा तरी येण्याची संभाव्यताही पूर्ण एक नाही. ०.९९चा शंभरावा घात एकातून वजा करा, ०.६३ येतं.

मग २००५ आणि २०२१, सतरा वर्षांत दोन पूर, याचा हिशेब कसा मांडायचा? पहिली ओढ द्विपदाकडे जाते. सतरा वर्षं, संभाव्यता ०.०१, दोन किंवा जास्त वेळा. उत्तर ०.०१२, म्हणजे शंभरात एक. इतकं क्वचित घडणारं घडलं, तेव्हा ०.०१ हा आकडाच खोटा, असा निष्कर्ष काढायला मन लगेच तयार होतं. पण मोजायला सुरुवात कुठून केली ते पाहा. २००५पासून. का? कारण त्या वर्षी पूर आला होता. सुरुवातच पुरावर धरली, तर तो पूर ‘घडला’ म्हणून पुन्हा मोजता येत नाही. प्रामाणिक प्रश्न असा: २००५ नंतरच्या सोळा वर्षांत तसा पूर किमान एकदा येण्याची संभाव्यता किती? एक वजा ०.९९चा सोळावा घात, ०.१५. सातात एक. हे अशक्यप्राय मुळीच नाही. एकाच घटनेची दोन उत्तरं, ०.०१२ आणि ०.१५, आणि फरक गुणाकारात नाही, प्रश्न कुठून विचारला त्यात आहे. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण फळ्यावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

याचा अर्थ चिपळूणच्या पुराचा धोका वर्षाला ०.०१च आहे असाही नाही. वाशिष्ठीत केवळ पावसाचं पाणी येत नाही. कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणीही याच नदीला मिळतं, पात्रात गाळ साचतो, भरती असेल तर पाणी समुद्रात उतरायला वेळ लागतो. यांतलं काही बदललं की संभाव्यता बदलते. जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा बदललेल्या नदीला लागू पडेलच असं नाही. सोळा वर्षांत एक पूर या एवढ्या पुराव्यावर मात्र ते सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही. त्यासाठी पावसाच्या, पाणीपातळीच्या आणि विसर्गाच्या दीर्घ नोंदी लागतात. वितरणाचा आधार घेऊन बोलायचं तर पुरावा जेवढं सांगतो तेवढंच बोलायला हवं.

हा हिशेब घर घेणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. महाराष्ट्रात नदीकाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पंचवीस आणि शंभर हे आकडे ऐकायला दूरचे वाटतात. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं. निळ्या रेषेवरच्या घरात दर वर्षी पाणी येण्याची संभाव्यता ०.०४. वीस वर्षांत एकदाही न येण्याची, ०.९६चा विसावा घात, ०.४४. म्हणजे कर्ज फिटण्याआधी पाणी घरात शिरण्याची संभाव्यता ५६ टक्के, न शिरण्यापेक्षा जास्त. लाल रेषेवर तीच १८ टक्के. रेषेच्या आत, नदीच्या बाजूला घर असेल तर दोन्ही आकडे याहून वाढतात. चिपळूण, खेड, राजापूर किंवा कुठल्याही नदीकाठच्या गावात घर घ्यायला निघालात, तर सातबारा आणि बांधकाम परवान्याबरोबर पूररेषेचा नकाशाही मागून घ्या आणि हा वीस वर्षांचा गुणाकार स्वतः करून पाहा.